किल्ली कुणाकडे होती? एका लेबर रूममधली रात्र आणि त्यानंतरचे पाच सराव

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं एक सरकारी रुग्णालय. महिन्याला पन्नासेक बाळंतपणं. रक्तपेढी नाही, भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतात. काही मोठं घडलं की मिरज, आणि मिरज म्हणजे रात्रीच्या मोकळ्या रस्त्यानंही दीड तास. या पट्ट्यातल्या माणसाला मिरजेची वाट नवी नाही. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून इकडच्या कर्नाटकातलेसुद्धा पेशंट तिकडंच जातात. पण अंगावरून रक्त जात असलेल्या बाईला दीड तास फार असतो.

मी नर्सिंग कॉलेजात पाठ्यनिर्देशिका आहे. त्याआधी अकरा वर्षं लेबर रूममध्ये ड्यूटी केली. या रुग्णालयाचं, तिथल्या माणसांचं नाव इथं देत नाही. जे घडलं ते कुणा एकाच्या माथी मारायला मी लिहीत नाहीये.

ती रात्र

रात्री १.४० ला बाळंतपण झालं. दुसरी खेप, मुलगी, तीन किलो शंभर ग्रॅम, जन्मताच रडली. सिस्टरनं पहिल्या मिनिटात गर्भपिशवी आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन मांडीत दिलं, वार आल्यावर ती पुरी आहे का ते उजेडात धरून पाहिलं, पोटावरून गर्भपिशवी चाचपली. पिशवी कडक होती. कुठंही चूक नाही. १.५५ ला बाळ आईच्या छातीशी देऊन ती पडद्यापलीकडच्या टेबलाकडे वळली, कारण तिथं पहिलटकरीण कळा देत होती आणि रात्रपाळीला सिस्टर एकच.

दोन वाजता मावशींनी बाळंतिणीच्या खालची चादर बदलली. २.१० ला परत बदलली. बाई पुटपुटली, "तली तिरगाकत्तैती." ती कन्नड बोलणाऱ्या घरातली. सिस्टर विदर्भातून नोकरीला आलेली, तिला कन्नड येत नाही, आणि ती पडद्यापलीकडे होती. मावशींना मात्र कळलं: डोकं गरगरतंय म्हणतेय. त्यांनी कपाळावरून हात फिरवला, घोटभर पाणी पाजलं आणि ओली चादर बादलीत टाकली.

२.२२ ला सिस्टर परत आली. नाडी १३०, बीपी ८०/५०, ओठ पांढरे. पोटावर हात ठेवला तर गर्भपिशवी मळलेल्या कणकेसारखी मऊ; ती आवळलेली नसली की रक्त थांबत नाही. तिनं लगेच पिशवी चोळायला घेतली, मावशींना अपघात विभागातल्या डॉक्टरांकडे पिटाळलं, ऑक्सिटोसिनची सलाईन २.२८ ला चालू केली. मोटारसायकलवरून पडलेल्या दोन पोरांना टाके घालता घालता डॉक्टर उठून आले. रक्त थांबेना. कार्बोप्रोस्ट हवं होतं, म्हणजे गर्भपिशवी आवळणारं दुसरं इंजेक्शन. ते असतं फ्रिजमध्ये, फ्रिज औषधाच्या खोलीत, खोलीला कुलूप, आणि किल्ली इन्चार्ज सिस्टरांच्या पर्समध्ये. त्या गावात, घरी झोपलेल्या. २.४४ ला वॉर्डातल्या मामांनी हातोडीनं कुलूप तोडलं. रक्तस्राव आटोक्यात आणणारं ट्रानेक्झामिक ॲसिड अपघात विभागाच्या कपाटात सापडलं, ते शिरेतून गेलं २.४९ ला. म्हणजे रक्तस्राव ओळखल्यापासून सत्तावीस मिनिटांनी, आणि मावशींनी दुसरी चादर बदलल्यापासून एकोणचाळीस मिनिटांनी.

या मिनिटांचं मोल कळावं म्हणून सांगते. २०१७ मध्ये 'वुमन' चाचणीचे निष्कर्ष आले. २१ देशांतल्या २० हजारांवर बायकांवर केलेल्या या चाचणीत दिसलं की बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात ट्रानेक्झामिक ॲसिड वेळेत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात. पुढच्या विश्लेषणात कळलं की दर १५ मिनिटांच्या उशिरानं त्याचा फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटत जातो, आणि तीन तासांनंतर उरतच नाही.

डॉक्टरांनी मूठ आत घालून दोन्ही हातांत पिशवी दाबून धरली. मग फॉलीज कॅथेटरला, म्हणजे लघवीच्या नळीला, कंडोम बांधून तो आत सलाईननं फुगवला. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी शोधलेली ही युक्ती आपल्याकडच्या शेकडो लहान रुग्णालयांना ठाऊक आहे. पण कंडोम आणायला मामांना कुटुंबनियोजनाच्या खोलीपर्यंत पळावं लागलं. ३.१० ला १०८ ची गाडी निघाली. सिस्टर शेवटपर्यंत बरोबर होती. मिरजेत चार पिशव्या रक्त चढलं. बाई वाचली, तिची गर्भपिशवीही वाचली. नवव्या दिवशी लेकीला घेऊन घरी गेली.

चौकशी

आठवड्यानं बैठक झाली. विषय एकच: लक्ष कुणाचं नव्हतं? सिस्टरला लेखी विचारणा झाली आणि ठरलं की तिला पुन्हा प्रशिक्षण द्यायचं. त्यासाठी ती आमच्या कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये आली. मी तिला मॉडेलवर पीपीएचचा, म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा, पूर्ण प्रसंग दिला. मदतीला हाक, पिशवी चोळणं, शिरेत दोन जाड सुया लावणं, लघवीची नळी, औषधं क्रमानं, दाब देणं, रेफरची चिठ्ठी. नऊ मिनिटांत तिनं सगळं केलं. टाळ्या वाजवाव्यात असं.

मी विचारलं, "एवढं येतंय तुला, मग त्या रात्री काय झालं गं?"

ती ट्रेकडे बघत म्हणाली, "मॅडम, इथं ट्रेमध्ये सगळं आहे."

त्या वाक्यानं मी गप्प झाले. बावीस वर्षांची नोकरी झाली माझी, पण मी शिकवत होते ते हातांना. त्या रात्री हात चुकलेच नव्हते. किल्ली, कपाट, पडदा, भाषा, आणि मावशींची न उच्चारलेली गोष्ट यांतलं काहीच माझ्या लॅबमध्ये नव्हतं. तिला परत दहा वेळा मॉडेलवर बसवलं असतं तरी पुढच्या बाईच्या वेळी किल्ली पर्समध्येच राहिली असती.

सराव कुठं करायचा

सिम्युलेशन, म्हणजे खोटा प्रसंग उभा करून केलेला सराव, म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं लाखो रुपयांचा, डोळे मिटणारा-उघडणारा, घाम गाळणारा पुतळा येतो. या पद्धतीचा आरंभ कितीतरी साधा आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाच्या सुईणीनं कापड, चामडं आणि भुसा-कापूस भरून बाईच्या कमरेचा भाग आणि बाहुलीसारखं बाळ शिवून घेतलं. १७५९ मध्ये राजानं तिला देशभर फिरून शिकवायची परवानगी दिली. पंचवीसेक वर्षं ती खेडोपाडी फिरली आणि हजारो बायकांना बाळ आडवं आलं तर काय करायचं ते त्या कापडी पोटावर शिकवलं. आमच्या विद्यार्थिनींना मी हे पहिल्याच तासाला सांगते, कारण "आपल्याकडे महागडं मॉडेल नाही" ही सबब त्यांच्या तोंडी सुरुवातीलाच येते.

आज आपल्याकडे तरतुदी पुष्कळ आहेत. २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमानं कॉलेजांत स्किल लॅब सक्तीची केली. सरकारी लेबर रूमसाठी २०१५ मध्ये 'दक्षता' हा कार्यक्रम आला, २०१७ मध्ये 'लक्ष्य' आला. यांनी बरंच बदललं, आणि मी स्वतः 'दक्षता'च्या चेकलिस्टवर शिकवलेलं आहे. पण लॅब बहुतेक वेळा जिल्ह्याच्या गावी असते. तिथं एक सिस्टर एकटी जाते, प्रमाणपत्र घेऊन परत येते, आणि ज्यांच्याबरोबर रात्र काढायची ते डॉक्टर, मावशी, मामा, औषधनिर्माते तिथं कधीच नसतात.

माझ्या मनावर सगळ्यात जास्त परिणाम झाला तो इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या साउथमेड हॉस्पिटलच्या कामाचा. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला, तर घाईत ओढताना बाळाच्या हाताच्या नसा दुखावतात. तिथं त्यांनी आपल्याच हॉस्पिटलात, आपल्याच माणसांना, डॉक्टर आणि मिडवाइफ (प्रशिक्षित सुईणी) एकत्र, दरवर्षी सराव द्यायला सुरुवात केली. २००८ मध्ये छापलेल्या त्यांच्या आकड्यांत, खांदा अडकलेल्या बाळंतपणांत जन्मवेळी दुखापत झालेल्या बाळांचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. सिम्युलेशनवरचे बहुतेक अभ्यास "प्रशिक्षणार्थींचा आत्मविश्वास वाढला" इथंच थांबतात. हा थेट बाळाच्या हातापर्यंत पोचतो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

मी रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटले. म्हटलं, सिस्टरला माझ्याकडे पाठवू नका, मी तुमच्याकडे येते. रात्री, त्याच लेबर रूममध्ये, त्याच ट्रॉलीवर, जी माणसं ड्यूटीवर असतील त्यांच्याबरोबर. अट एकच घातली: सरावात जे दिसेल ते कुणाच्याही गोपनीय अहवालात जाणार नाही. त्यांनी थोडा वेळ घेतला, पण हो म्हणाले. ते नाही म्हणाले असते तर हे प्रकरण इथंच संपलं असतं.

युरोबॅग आणि फुगा

बाईच्या पोटावर बांधायची, नळीतून रक्त सोडणारी तयार मॉडेलं मिळतात. नॉर्वेच्या लेर्डाल कंपनीचं 'मामानाताली' प्रसिद्ध आहे. आमच्याकडे ते नव्हतं. आम्ही लघवीची दोन लिटरची युरोबॅग घेतली. तिला खाली तोटी असते, तेवढीच हवी होती. रक्तासाठी साबुदाण्याची पातळ खळ आणि खायचा लाल रंग. नुसतं रंगीत पाणी चादरीत पटकन पसरतं, खळ घातली की ते रक्तासारखं थबकत जातं. गर्भपिशवी म्हणून दोन गोष्टी: अर्धवट पाणी भरलेला जाड फुगा, म्हणजे ढिली पिशवी, आणि रुमालात गुंडाळलेला क्रिकेटचा चेंडू, म्हणजे कडक. हे सगळं एका विद्यार्थिनीच्या पोटावर ओढणीनं बांधलं, वर गाऊन. ती स्वतः जत तालुक्यातली, घरी कन्नड बोलणारी. तिला सांगितलं, घाबरलेल्या बाळंतिणीसारखीच बोल, मराठीत उत्तर देऊ नकोस. पोट नीट चोळलं जातंय असं तिला वाटलं तर ती गाऊनखाली फुगा सरकवून चेंडू आणणार आणि तोटी बंद करणार. अधूनमधून सोडणार.

पहिला सराव एका बुधवारी रात्री साडेअकराला झाला. प्रसंग जाणूनबुजून तोच ठेवला. बारा मिनिटं चालला.

किल्ली पर्समध्येच होती. बैठक झाली, विचारणा झाली, सहा आठवडे गेले, तुटलेल्या कुलपाच्या जागी नवं कुलूप आलं, आणि त्याची किल्ली परत इन्चार्ज सिस्टरांच्या पर्समध्ये गेली. कुणाच्या वाईट हेतूनं नाही. औषधं कमी भरली तर जबाब त्यांना द्यावा लागतो, म्हणून त्या किल्ली जपत होत्या. मामा कुलपासमोर उभे राहिले, त्यांचा हात हवेतच राहिला, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ती रात्र पुन्हा दिसली. माझ्या शंभर व्याख्यानांनी जे झालं नसतं ते त्या दहा सेकंदांत झालं.

दुसरी गोष्ट कुणाला अपेक्षित नव्हती. भिंतीवर चिकटवलेला रक्तपेढीचा फोन नंबर लावला तर तो बंद निघाला. बाकीचं किरकोळ: जाड सुया संपलेल्या, ट्रॉलीचं एक चाक फिरत नव्हतं.

मावशींचं बोलणं

सराव बारा मिनिटांचा, नंतरची बैठक पाऊण तासाची. जे शिकणं होतं ते याच पाऊण तासात झालं, असं मी ठामपणे म्हणते. सरावाचा घाम वाळायच्या आत, चहा घेत, गोलात बसून बोलायचं. मी स्वतःला एक नियम घातला आहे: "असं का नाही केलंस?" हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. त्याऐवजी विचारायचं, "त्या वेळी तुम्हाला काय दिसत होतं?" पहिल्या प्रश्नाला माणूस बचाव करतो. दुसऱ्याला तो खोलीत परत जातो.

डॉक्टर बोलले, सिस्टर बोलली, मामा बोलले. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना खुर्चीवर बसा म्हटलं तर "असू द्या बाई, मी हितंच बरी" म्हणाल्या. मी परत म्हटलं तेव्हा कडेवर टेकल्या.

"मावशी, तुम्हाला काय दिसत होतं?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चादर जड लागली हाताला."

"आजच्या सरावात?"

"न्हाई. त्या रात्री. दुसरी चादर उचलली तवा जड लागली. पिळली असती तर धार लागली असती. आन् ती म्हनत होती डोकं फिरतंय म्हनून."

सिस्टरनं मान वर केली. "मावशी, मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी शिकलेल्या. मला वाटलं तुमास्नी ठावं असंल. आमी काय सांगायचं डॉक्टरला, सिस्टरला?"

पंचवीस वर्षं बाळंतपणं पाहिलेल्या बाईच्या हाताला ते रक्त सर्वांच्या आधी कळलं होतं. चौकशीच्या बैठकीत त्यांना बोलावलंच नव्हतं, कारण त्यांचं काम साफसफाईचं. विमान चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात ही अडचण आधी ओळखली गेली: सहवैमानिकाला धोका दिसतो, पण तो मुख्य वैमानिकाला टोकत नाही. स्टॅनफर्डच्या डॉ. डेव्हिड गाबा यांनी १९८० च्या दशकात ऑपरेशन थिएटरसाठी सिम्युलेटर बांधला आणि पुढे विमानांतलं हे संघकामाचं शिक्षण भूलतज्ज्ञांपर्यंत आणलं. पण त्यातही डॉक्टर आणि नर्स धरले जातात. आपल्याकडच्या खोलीत मावशी असतात, आणि पेशंटच्या सर्वांत जवळ बहुतेक वेळा त्याच असतात.

किती रक्त?

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना बोलावून एक साधा प्रयोग केला. एका चादरीवर आणि तीन पॅडवर मोजून ९०० मिलिलिटर खळ ओतली. प्रत्येकानं कागदावर अंदाज लिहायचा, नाव घालायचं नाही. सगळ्यात मोठा अंदाज ५०० निघाला. एका अनुभवी डॉक्टरांचा ३००. (त्यांनी बैठकीत स्वतःच सांगितलं, म्हणून लिहिते.)

हा दोष माणसाचा नाही, डोळ्यांचा आहे. शेजारच्या बेळगावात, जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजात, बाळंतिणीच्या खाली पसरायची खुणांची प्लॅस्टिक पिशवी तयार झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नजरेनं केलेला अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. आमच्यापासून इतक्या जवळ हे काम झालं आणि आमच्या लेबर रूममध्ये ती पिशवी नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

२०२३ मध्ये तर याचा मोठा पुरावा मिळाला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून जास्त बाळंतिणींवर 'ई-मोटिव्ह' ही चाचणी झाली. खुणांची पिशवी घालून रक्त मोजायचं, आणि ठरावीक मापाला पोचलं की गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झामिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे सगळं एकदमच करायचं, एकाचा परिणाम बघत थांबायचं नाही. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यातून मृत्यू, हे सगळं मिळून जुन्या पद्धतीच्या रुग्णालयांत ४.३ टक्के बायकांत झालं, नव्या पद्धतीच्या रुग्णालयांत १.६ टक्क्यांत. तिथलं प्रशिक्षणही जागेवर, सरावातून दिलं होतं. अर्थात त्यात पिशवी होती, औषधं होती, पाठपुरावा होता. नुसत्या सरावाला त्याचं श्रेय देता येत नाही.

आमच्याकडे खुणांच्या पिशव्या यायला अडीच महिने लागले. तोवर मावशींनी वजनकाट्यावर काम चालवलं. बाळाचं वजन करायचा काटा, त्यावर ओली चादर आणि पॅड, त्यातून कोरड्याचं वजन वजा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. आणि त्यांना एक अधिकार दिला, डॉक्टरांच्या सहीनं भिंतीवर लावून: ५०० झाले की मावशींनी मोठ्यानं "पाचशे!" म्हणायचं, आणि ते ऐकल्यावर खोलीतल्या प्रत्येकानं हातातलं काम सोडायचं.

दुसऱ्या सरावात त्यांचा आवाज निघाला नाही. ओठ हलले फक्त. तिसऱ्यात निघाला.

माझ्या हातून झालेली चूक

दुसऱ्या सरावात मी औषधांच्या रिकाम्या व्हायलमध्ये साधं पाणी भरून आणलं होतं. सराव संपला, चहा झाला, मी सांगलीला परतले. पहाटे पाचला सिस्टरचा फोन: ट्रॉलीत एक व्हायल जास्त आहे, सील तुटलेली. ती माझी होती. तिनं पाहिली नसती तर कुणाच्या तरी शिरेत औषधाच्या जागी नळाचं पाणी गेलं असतं. खऱ्या लेबर रूममध्ये सराव करायचा तर हा धोका पत्करूनच करायचा असतो, आणि मी तो पुरेसा ओळखला नव्हता. आता सरावाच्या प्रत्येक वस्तूला लाल चिकटपट्टी असते, आत काही भरायचं नाही, आणि ऑपरेशननंतर मॉप मोजतात तशा आधी आणि नंतर वस्तू मोजून वहीत दोघांच्या सह्या होतात. ज्यांना असा सराव सुरू करायचाय त्यांनी युरोबॅग आणायच्या आधी ही वही आणावी.

एक आक्षेप डॉक्टरांचाही होता आणि तो खरा होता: सराव चालू असताना खरी पेशंट आली तर? नियम ठरला की कळा चालू असलेली एक जरी बाई टेबलावर असेल तर सराव रद्द. त्यामुळे दोनदा मी जाऊन हात हलवत परत आले.

सात महिन्यांनी

पहिल्या सरावानंतर सात महिन्यांनी, रात्रपाळीतच, तिसऱ्या खेपेची एक बाई. वार पडल्यावर पंधरा मिनिटांनी खुणांच्या पिशवीतली पातळी पाचशेच्या खुणेला आली. मावशी ओरडल्या. (सिस्टर सांगते, बाहेर व्हरांड्यात बसलेली सासू उठून उभी राहिली.) औषधांचा डबा आता लेबर रूममध्येच होता: जाड सुया, ट्रानेक्झामिक ॲसिड, कॅथेटर, कंडोम, दोरा. फ्रिजमधलं कार्बोप्रोस्ट मामांनी आणलं. सिस्टर नाव घेऊन सांगत होती आणि ज्याला सांगितलं तो ते परत म्हणून दाखवत होता: "मामा, कार्बोप्रोस्ट आणा." "कार्बोप्रोस्ट आणतो." खुणेला रक्त पोचल्यापासून आठव्या मिनिटाला ट्रानेक्झामिक ॲसिड चालू झालं होतं. गर्भपिशवी आवळली. बाईला मिरजेला न्यावं लागलं नाही.

मला यावरून फार मोठा दावा करायचा नाही. ही बाई पहिलीपेक्षा धट्टीकट्टी होती, हिमोग्लोबिन चांगलं होतं, आणि त्या रात्री पडद्यापलीकडे दुसरं बाळंतपण नव्हतं. दोन रात्रींची तुलना करून सिम्युलेशननं जीव वाचवला असं लिहिणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. सत्तावीस मिनिटांची आठ झाली, एवढं वहीत आहे.

आणि काही गोष्टी सरावानं बदलल्या नाहीत, बदलणारही नाहीत. रक्त अजून दीड तासावरच आहे. रात्रपाळीला सिस्टर अजून एकच. कंत्राटी माणसं वर्षभरात बदलतात; पहिल्या सरावातल्या सातांपैकी आज तिघंच तिथं आहेत. उन्हाळ्यात सलग तीन महिने सराव झाला नाही, कारण अर्धा स्टाफ रजेवर आणि उरलेल्यांना श्वास घ्यायला उसंत नाही. अशा वेळी कागदावर "सराव झाला" असं लिहून द्यायची सूचना एकानं केली होती. मी नाही म्हटलं. खोटी नोंद झाली की खरं काय चाललंय ते पुढच्या माणसाला कळायची वाटच बंद होते.

पाचवा सराव

पाचवा सराव परवाच्या मंगळवारी झाला. भिंतीवर आता कन्नडमधल्या दहा वाक्यांचा तक्ता आहे, देवनागरीत लिहिलेला, मावशींनी सांगितलेला. डोकं गरगरतंय, तहान लागली, अंगावरून फार जातंय, श्वास पुरत नाही. नवीन सिस्टर तो वाचून पाठ करत होती.

मावशींनी "पाचशे!" म्हटलं, मामा फ्रिजच्या खोलीकडे धावले, आणि किल्ली खिळ्यावर नव्हती.

आम्ही तिला लाल फीत बांधून दाराशेजारी टांगली होती. आठवडाभरापूर्वी बदलून आलेल्या सिस्टरनं ती खाली पडलेली पाहून नीट राहावी म्हणून ॲप्रनच्या खिशात ठेवली होती, आणि ॲप्रन धुवायला गेला होता. ती रडायला लागली. इन्चार्ज सिस्टरांनीच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, माझ्याही पर्समध्येच होती की."

त्या रात्री बैठकीत किल्ली कुठं ठेवायची यावर चर्चा झालीच नाही. फ्रिजच्या खोलीचं कुलूपच काढायचं ठरलं. औषधनिर्माते हिशोबाच्या काळजीनं नाही म्हणत होते, तेव्हा प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी व्हायल मोजून सही करायची असं कबूल झालं. कुलूप मामांनी तिथल्या तिथं काढून औषधनिर्मात्यांच्या हातात दिलं. वहीत पहिली सही रात्री १२.५० ची आहे, कार्बोप्रोस्ट सहा, ऑक्सिटोसिन चाळीस.